मुक्काम धंतोली

११ जानेवारी १९५४, सोमवार

आणि ही धंतोली, असे म्हणून काडी टेकवली तेवढ्यात मुखरूभाऊंची कोंबडी सीताबर्डीवरून चालत आली आणि धंतोली उकरून गेली. अंगणातल्या धुळीत नागपूर पुन्हा काढावे लागले.

सभासद शांतपणे पाहत होते. विषय गंभीर आहे. मालगुजारी गेली, तलाव सरकारचा झाला. आता तो आमच्या मासे धरणाऱ्या ढिवरांच्या सोसायटीला मिळतो की नागपूरच्या ठेकेदाराला, हे नागपूरचे साहेब पेशी घेऊन, दोन्ही बाजू ऐकून ठरवणार. आमच्या टोलीतल्या सगळ्या चुली त्या तलावावर पेटतात. सोसायटीची बाजू मांडायला मी जाणार. सेक्रेटरी मीच आहे.

मुखरूभाऊ अध्यक्ष आहेत. सही येत नाही. ते म्हणाले, "गुणवंता, सायबाले काय सांगशीन ते सांग. तू कुठी झोपशीन ते आमाले काऊन सांगून राह्यला?"

त्यांना मुद्दा समजावला. शहरात पहिला प्रश्न असतो, उतरलात कुठे. उत्तरावरून पोझिशन ठरते. इतवारी म्हटले की माणूस हळद विकायला आला. सीताबर्डी म्हटले की लुगडी घ्यायला आला. महाल म्हटले की कुणाच्या तरी ओसरीवर पडला. धंतोलीत वकील राहतात, डॉक्टर राहतात. धंतोली ऐकली की साहेब खुर्ची देईल. खुर्ची मिळाली की तलाव मिळाला.

मुखरूभाऊ म्हणाले, "आन नाई भेटली त उभ्यानंच बोल."

अध्यक्षांची दृष्टी गावापुरती आहे.

ठराव: साहेबांपुढचे भाषण रोज थोडे लिहिणे. आज नाही. नागपूर दोनदा काढून थकवा आला.

१३ जानेवारी

बायको वच्छला सकाळपासून भांडी जोरात ठेवते आहे. तिचा मावसभाऊ इस्तारी नागपुरात पाचपावलीला असतो, गिरणीत काम करतो. तो असताना मी दुसरीकडे उतरलो तर ती कोणत्या तोंडाने माहेरी जाईल, असे तिचे म्हणणे. आमच्यात ही रीत कडक आहे. सोयऱ्याच्या गावात जाऊन दुसऱ्याच्या घरी पाणी प्यायले तरी वर्षभर बोलणी होतात.

मी म्हणालो, इस्तारी तुझा भाऊ आहे, सोसायटीचा नाही. मी पब्लिक कामासाठी जातो आहे. ती म्हणाली, "पब्लिकले भूक लागत नाई का?"

बायकांशी तत्त्वाची चर्चा होत नाही. तिने मास्तरांकडून परस्पर इस्तारीला कार्ड लिहून घेतले, असे संध्याकाळी कळले.

भाषण: "माननीय साहेब," येथपर्यंत झाले. सुरुवात चांगली जमली.

१७ जानेवारी

उद्या निघणार. टोलीतल्या बाया सुकवलेले झिंगे घेऊन आल्या. आमच्याच तलावातले, या थंडीचे. कुणाच्या दारी रिकाम्या हाताने जायचे नाही, मग तो साहेब का असेना. प्रत्येकीने ओंजळभर घातले. गाठोडे माझ्या बिछान्याएवढे झाले.

शहराचा विचार करून मी विचारले, याला वास तर येणार नाही ना. सगळ्या म्हणाल्या, कायचा वास? देवकाबाईंनी गाठोड्याला नाक लावले, मीही लावले. कसलाच वास नाही.

देवकाबाई जाताना म्हणाल्या, "तलाव घेऊनच ये बाबू. पोरं त्याच पाण्यावर हायेत." मी म्हणालो, काळजी नको, धंतोलीत उतरतो आहे.

१८ जानेवारी, सोमवार

नागभीडहून छोटी गाडी. डब्यात ऐसपैस जागा मिळाली. समोरचे दोघे एका स्टेशनावर उठून दुसऱ्या डब्यात गेले. बाजूची बाई दारात जाऊन उभी राहिली. पोझिशनचा माणूस लोकांना सांगावा लागत नाही.

इतवारी स्टेशनावर इस्तारी फाटकाशी उभा दिसला. मालधक्क्याच्या बाजूने बाहेर पडलो. मागून कुणी हाक मारली असे वाटले. वारा असेल.

थेट ऑफिस गाठले. कारकून म्हणाला, पेशी याच आठवड्यात. साहेब दौऱ्यावर आहेत, आले की दिवस ठरेल आणि चपराशी मुक्कामावर येऊन सांगेल. मुक्काम कुठे?

माझा अंदाज खरा ठरला. मी म्हणालो, धंतोली. बागेसमोरचे लॉज.

त्याने मान वर न करता लिहून घेतले. मनातून चकित झाला असावा.

आता फक्त तिथे खोली घेणे बाकी आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळ

धंतोलीबद्दल लोकांत थोडा गैरसमज आहे. बागेसमोरच्या लॉजच्या मॅनेजरने आडनाव विचारले, सांगितले. जात विचारली, तीही सांगितली. गाठोड्यात काय, असे विचारले. अभिमानाने सांगितले. त्याने रुमाल नाकाला लावला तो शेवटपर्यंत काढला नाही. सर्दीने बेजार दिसला. खोली नाही म्हणाला. मागे दोन खोल्यांची दारे उघडी होती, आत कोणी नव्हते. पण सर्दीच्या घरात राहणे बरे नव्हे. हवा दमट असावी.

पलीकडे एक खाणावळ होती, वर राहायची सोय. ती फक्त ब्राह्मणांसाठी अशी पाटी होती. पाटी लावलेली बरी, वेळ वाचतो. तिसऱ्या ठिकाणी मी बोलायच्या आत बाईंनी खिडकी लावली. संध्याकाळी डास येतात.

सीताबर्डीचा मॅनेजर कबूल झाला, पण गाठोडे रस्त्यावर ठेवा म्हणाला. साहेबांची भेट रस्त्यावर ठेवणार नाही, असे सुनावून निघालो. धरमपेठ फार शांत आहे. शांततेत मला झोप येत नाही.

सध्या पाचपावली. इस्तारीकडे. तात्पुरता.

बहिणीचा नवरा म्हणून इस्तारी मला भाटवे म्हणतो. म्हणाला, "भाटवे, मी सांजवरी ठेसनावर उभा होतो. कोनी सांगतलं, एक मानूस मालधक्क्यानं पळाला." मी म्हणालो, चोर असेल.

त्याच्या बायकोने, गोकुळाने, मी उंबऱ्यात असतानाच ओळखले. म्हणाली, "आपल्या तलावाचे झिंगे होय ना? गल्लीच्या तोंडाशी हाय तवाच वास आला." थकलेल्या माणसाला भास होतात. दिवसभर चूल, पाणी, पोरे. तिला थोडे काढून दिले. साहेबांना कमी पडणार नाहीत.

इस्तारीला बजावले, मी कोण हे गल्लीत कुणाला सांगायचे नाही. सेक्रेटरी धंतोलीत उतरले आहेत.

त्याने विचारले, "मंग तुमी कोन?"

पाहुणा, मी म्हणालो.

१९ जानेवारी

योजना: लॉजसमोरच्या बागेत बाकावर बसायचे. चपराशी आला की त्याला रस्त्यातच गाठायचे. मी नुकताच फिरायला बाहेर पडलो आहे, असे त्याला वाटेल.

सकाळपासून बसलो. बाग चांगली आहे. धंतोलीचे लोक कमी बोलतात. दुपारी भूक लागली म्हणून सीताबर्डीपर्यंत जाऊन आलो. नंतर डोळा लागला. माळ्याने पाणी घालायला उठवले.

चपराशी आला नाही. सरकारी काम, उशीर व्हायचाच.

भाषण: "माननीय साहेब, आपला अमूल्य वेळ" येथपर्यंत. बाकावर वही हलते.

संध्याकाळी गोकुळाने पुन्हा झिंगे मागितले. शेजारणींना चव द्यायची म्हणते. दिले.

२० जानेवारी, दुपार

आज गाठोड्याशिवाय लॉजवर गेलो. मॅनेजरची सर्दी बरी झालेली दिसली. मला ओळखून म्हणाला, काल दुपारी ऑफिसचा चपराशी येऊन गेला, आज सकाळीही आला. कोण सेक्रेटरी, कुठला सेक्रेटरी, त्याने डोके खाल्ले. असा माणूस इथे नाही म्हणून सांगितले. मी म्हणालो, तो माणूस मीच. मॅनेजर म्हणाला, पण तुम्ही इथे नाहीच.

बोलणे नियमाला धरून होते.

आता ऑफिसात जाऊन पेशी कधी ते विचारता येईल. पण मग लॉजची गोष्ट निघणार. आधी धंतोली हातात असावी, मग ऑफिस. क्रम बिघडला की सगळे बिघडते.

आणखी दोन ठिकाणी चौकशी केली. एका घराला कुत्रा आहे.

२० जानेवारी, दिवेलागण

काम झाले. उद्या अकराला पेशी. बातमी घरबसल्या मिळाली.

इस्तारीच्या ओट्यावर जेवायला बसलो होतो. शेजारचा गोविंदा आला, पाय चोळत बसला. गोकुळाने त्यालाही भात आणि झिंग्यांची भाजी वाढली. तो साहेबांच्याच ऑफिसात चपराशी आहे. हे इस्तारीने मला आधी सांगायला हवे होते. इस्तारी म्हणतो, तुम्ही विचारले नाही.

गोविंदा जेवता जेवता सांगू लागला. "दोन दिवस झाले, धंतोली पालथी घालून राह्यलो. झाडीपट्टीतला कोन्तातरी सेक्रेटरी हाय. पत्ता देते लॉजचा आन रायते कुठी त्याचा तोच जाने. उद्या अकराले पेशी हाय, सांगू कोनाले?"

इस्तारीने माझ्याकडे पाहिले. गोकुळाने पाहिले. मी भाताकडे पाहिले.

गोविंदा म्हणाला, "पाहुने, तुमी तिकडलेच ना? वळखता का त्याले?"

ऐकून आहे, मी म्हणालो. मोठा माणूस आहे.

"मोठा असन त भेटत काऊन नाई?"

काहीतरी बोलणे भाग होते. मी म्हणालो, गावी परत गेला असेल.

गोविंदाच्या जिवात जीव आला. "अस्सं म्हना. सुटलो बाप्पा. उद्या सकाळी पुन्हा धंतोलीले जा लागत होतं." त्याने भात मागून घेतला. झिंगे कुठले म्हणून विचारले. इस्तारीने तलावाचे नाव सांगितले. गोविंदा म्हणाला, "त्याचीच त पेशी हाय ना. ठेकेदार तीन दिवसांपासून हापिसात बसून हाय."

तो गेल्यावर इस्तारी म्हणाला, "भाटवे, आत्ता जाऊन सांगून टाका. चार पावलावर घर हाय त्याचं." गोकुळा म्हणाली, "लाज वाटत असन त मी सांगतो." कष्टाच्या घरात माणसांना डावपेच कळत नाहीत. आता सांगितले तर उद्या साहेबांना कळणार की सेक्रेटरी पाचपावलीत गिरणीवाल्याच्या ओट्यावर झोपतो. न सांगता वेळ कळली, हा माझा फायदा. सकाळी चालत धंतोलीला जायचे, तिथून टांगा करायचा, अकराच्या आत ऑफिस. टांगा धंतोलीच्या बाजूने आलेला सगळ्यांना दिसेल.

इस्तारी उठला. अंथरूण घालून दिले.

भाषण उद्या आपोआप सुचेल. विषय माझ्या रक्तातला आहे.

२१ जानेवारी, गुरुवार

सकाळी धंतोलीला जाऊन टांगा केला. अकराच्या आधी ऑफिसात पोचलो. पेशी संपली होती. साहेब दहालाच आले आणि त्यांना पुन्हा दौऱ्यावर निघायचे होते. गोविंदाने त्यांना सांगितले की सोसायटीचे सेक्रेटरी गावी परत गेले, खात्रीची बातमी आहे, त्यांच्याच भागातल्या माणसाने सांगितली. साहेबांनी गैरहजर असा शेरा मारला. तलाव तीन वर्षांसाठी ठेकेदाराला दिला.

पायऱ्यांवर ठेकेदार भेटला. गोड बोलतो. मी त्या भागातला आहे हे त्याला गोविंदाने सांगितले होते. सोमवारी जाळी घेऊन येणार आहे. मासे काढायला टोलीतली माणसे रोजीवर लागतील म्हणाला. मी बोलून ठेवतो म्हणालो. मग त्याने विचारले, गावात उतरायला चांगली जागा कोणती. मी माझे घर सांगितले.