परतीची केबल

प्रिय दादा,

पत्ता तुझ्या क्रिकेटवाल्या दोस्ताकडून काढला. तू बाबांशी भांडून गेलास, त्यानंतर मी शाळा सोडली. वर्गात उठून बोलावं लागायचं, ते मला जमेना. आता मामाच्या स्पीकरच्या दुकानात जाते, केबलचे नकाशे काढते. घरी तुझा फोन आला की बाबा उचलतात आणि ठेवून देतात. आई हात पुसत येईपर्यंत ते परत पेपरात. राँग नंबर, म्हणतात. अजून तसंच चाललंय.

सध्या एका हॉस्पिटलचं काम आहे. प्रत्येक वॉर्डात स्पीकर. तळमजल्यावर एक मशीन, ते सगळ्या स्पीकरना सारखं विचारत असतं, आहेस का? स्पीकर म्हणतो, आहे. माणसांना यातलं काही ऐकू येत नाही. एखाद्याचं उत्तर आलं नाही की स्क्रीनवर लाल दिवा. मामा म्हणाला, न बोलता हजेरी, हे काम तुझ्यासाठीच बनलंय.

केबल मशीनपासून निघते, सगळे स्पीकर फिरून दुसऱ्या बाजूने मशीनकडेच परत येते. मधे कुठे तुटली तरी उलट्या बाजूने निरोप पोचतो. मी झकास नकाशा काढला. फक्त जाणारी आणि येणारी, दोन्ही लिफ्टशेजारच्या एकाच पाइपातून घेतल्या. पाइप रिकामाच होता, कशाला भिंत फोडा. सोमवारी सुताराने कपाट लावायला नेमकं तिथेच ड्रिल घातलं, दोन्ही एकदम तुटल्या. सगळी स्क्रीन लाल. स्पीकर एकही बिघडला नव्हता बरं का. मामाने डोक्याला हात लावला. म्हणाला, बाईसाहेब, वाटा दोन काढल्यात आणि दरवाजा एकच ठेवलात! सुतार तर माझ्यापेक्षा जास्त घाबरला होता. मग परतीची केबल मी मागच्या जिन्याने उतरवली. काल मामाने मुद्दाम एक वायर काढून बघितली. सगळे हिरवेच राहिले.

जिन्यात क्लिपा ठोकताना आपल्या घरातला फोन आठवला. एकच आहे, आणि तो बाबांच्या खुर्चीशेजारी. मंगळवारी दुपारी आई माझा डबा घेऊन दुकानात येते. दुकानाचा नंबर पत्राच्या मागच्या बाजूला लिहिलाय. मामाला सांगितलं, तर म्हणाला, मला यातलं काही माहीत नाही, आणि एक खुर्ची फोनजवळ सरकवून ठेवली. मंगळवारी दुपारीच फोन कर. आईच उचलेल. काय बोलायचं सुचलं नाही, तर नुसतं ‘आहे’ म्हण.

तुझीच,
मौनीबाई