फ्लेक्सवरची गार्गी

२ मार्च, रविवार
ओजसचं गॅदरिंग. वेळ पाचची, पाहुणे आले सातला. आमचा तिसरीतला सुपुत्र 'झाडे वाचवा' नाटुकल्यात झाड. मागच्या रांगेतलं. एक वाक्य होतं, ते ऐनवेळी शेजारच्या झाडाला दिलं. त्या झाडाची आई पालक समितीत आहे. ओजसला दुःख नाही, त्याला फांदी हलवायला मिळाली. श्रीयुतांनी (आमचे हे) अख्खं नाटक मोबाईलवर घेतलं. घरी येऊन पाहतो तर सगळं शूटिंग दुसऱ्याच झाडाचं.

मग पदकं. कसलीशी ऑलिंपियाड. फी भरली त्या प्रत्येकाला सोनेरी. वर्गात एकच पोरगा पदकाविना, आणि सगळे त्याच्याकडेच कौतुकानं बघत होते.

थोरली, गार्गी, आली नाही. खो-खो. आठवीत गेल्यापासून तिचे गुडघे घरात सगळ्यांत म्हातारे दिसतात.

९ मार्च, रविवार
जिल्ह्याची निवड चाचणी. किशोरी गट. ऊन मरणाचं. गार्गी आणि तिची मैत्रीण समीक्षा, सांगवीची, दोघींचं नाव शिबिराच्या यादीत. दोघी एकाच शाळेत, एकाच बाकावर, एकाच डब्यात. समीक्षाचे वडील बँकेत आहेत, त्यांनी सगळ्यांना उसाचा रस पाजला.

शाळेच्या सरांनी तिथंच बजावलं : ही शिबिरासाठीची निवड आहे, राज्य स्पर्धेला जाणारा जिल्ह्याचा संघ शिबिरानंतर. पंधरा घेणार, दोन राखीव. श्रीयुतांनी मान डोलावली आणि लगेच गावी, डाळजला, फोन लावला. "आबा, गार्गीची निवड झाली." कसली, ते सांगायच्या आत आबांनी फोन ठेवला होता. सासरे नव्हेत, आकाशवाणी केंद्र.

११ मार्च
ऑफिसला जाताना इंदापूर स्टँडवर उतरले आणि समोर माझी मुलगी. दहा बाय बारा.

म्हणजे दहा बाय बारा फुटी फ्लेक्सचा तळाचा डावा कोपरा तिचा. वर तालुक्यातले सात पुढारी, नमस्काराच्या मुद्रेत. उजवीकडे उभे आमचे भाऊजी, पांढऱ्या कपड्यात, फोन कानाला. (धाकटे दीर. शेती डाळजला, लक्ष पंचायत समितीकडे. निवडणूक कधी लागेल ते कोणालाच माहीत नाही, पण हे तयार.) 'डाळजची कन्या, राज्य संघात निवडीबद्दल हार्दिक अभिनंदन.' गार्गीचा फोटो चौथीतला, दोन रिबिनी, पुढचा दात गायब.

ऑफिसात सगळ्यांनी पेढे मागितले. दिले. काय करणार.

संध्याकाळी कळलं की असाच आणखी एक डाळज फाट्यावर आहे. गार्गीला फोटो दाखवला. बराच वेळ बघत राहिली. "पण आई, अजून संघ झालाच नाहीये."

१४ मार्च, धुळवड
डाळजला. रंग कमी, पुरणपोळ्या जास्त. फाट्यावर गाडी थांबवून ओजसनं ताईच्या फ्लेक्ससमोर फोटो काढून घेतला. ताई गाडीतून उतरली नाही.

जेवताना मी विषय काढला. भाऊजी, फ्लेक्स तूर्त उतरवू या. संघ जाहीर झाला की परत लावा, मीच दोरी धरते.
"वहिनी, तुमी बारामतीत ऱ्हाता, तुमाला हितलं न्हाई कळायचं. सात जणांची तोंडं हायती त्याच्यावर. मी माझ्या हातानं काढला तर उद्या गावात काय अर्थ काढत्याल? कुणाला सोडून कुणाकडं चाललो म्हणून?"
मी म्हटलं, मग तेवढी गार्गीची बाजू कापा, पुढारी राहू द्या.
त्यावर ते खरोखर विचारात पडले.

गार्गी म्हणाली, "काका, माझं नाव नाही आलं तर?"
"यील की. न येऊन सांगतंय कुणाला. तू खेळ फकस्त."
आबांनी तिच्या ताटात तिसरी पोळी टाकली. खेळाडूला लागतंय म्हणाले.

२३ मार्च, रविवार
शिबिर आमच्याच बारामतीत, म्हणून डबा द्यायला गेले. अर्धा तास कडेला उभी राहिले. मला त्यातलं कळतं इतकंच की गार्गी पाठलाग करताना शेवटच्या क्षणी अंग झोकून देते आणि समोरची बाद होते. आज एकदाही झोकलं नाही. दोनदा हात पुढे केला, दोनदा मागे घेतला. समीक्षा मात्र पाखरासारखी. खांबाला वळसा घालते तेव्हा माती उडत नाही.

सर म्हणाले, पोरगी जपून खेळतेय, घरी काही टेन्शन आहे का? मी म्हटलं, छे. दहा बाय बाराचं टेन्शन मैदानात कसं सांगायचं.

३० मार्च, पाडवा
गुढी. श्रीखंड विकतचं, कबूल. सकाळपासून फोन. आत्या अकलूजहून, मावशी दौंडहून, श्रीयुतांचे एमआयडीसीतले साहेब स्वतः. सगळ्यांना गार्गीशीच बोलायचं. तिनं प्रत्येकाला सांगायला सुरुवात केली की अजून संघ जाहीर व्हायचाय. चौथ्या फोनपासून नुसतं "थँक्यू" म्हणायला लागली.

दुपारी शेजारणींबरोबर गच्चीवर कुरडया. चीक हलवून हात गेला. ओजसनं राखण करायची होती; राखणदारानं निम्म्या ओल्याच खाल्ल्या.

५ एप्रिल, शनिवार
मी भाजी निवडत होते. गार्गी आली, फ्रिज उघडला, पाणी घेतलं नाही, तशीच उभी.
"समीक्षा आहे. मी राखीव."
"म्हणजे काय करायचं?"
"संघाबरोबर जायचं. कोणाला लागलं तर खेळायचं. नाही लागलं तर पाणी द्यायचं."
फ्रिज बंद केला. रडली नाही. मला वाटलं रडेल, मी हातसुद्धा पुसून ठेवले होते.

सात पदकं मिळवलेलं अख्खं घर (त्यातली सहा ओजसची, फी भरून) चिडीचूप.

७ एप्रिल
डाळजला कोण सांगणार यावर चर्चा. श्रीयुतांनी घरच्या ग्रुपवर काहीतरी टाईप केलं. 'टायपिंग...' मला शेजारी बसून दिसत होतं. मग पुसलं आणि सूर्यास्ताचा फोटो टाकला. मी म्हटलं मी सांगते. ऑफिसातून फोन केला. भाऊजींनी बोलूच दिलं नाही : यात्रेत गार्गीचा सत्कार ठरलाय, स्टेजवर, फेटा आबा स्वतः बांधणार, तुमी फकस्त तिला नवा ड्रेस घ्या. मी म्हटलं, बरं.

बरं!! ऑफिसात साहेबापासून शिपायापर्यंत माझ्या तोंडाला टरकून असतात म्हणे.

१४ एप्रिल
समीक्षाच्या घरी जयंती. गार्गी सकाळीच सांगवीला. संध्याकाळी आणायला गेले तर दोघी निळ्या ओढण्या घेऊन अंगणात, खो-खो नव्हे, नुसत्या गप्पा. समीक्षाच्या आईनं खीर दिली. त्या नर्स आहेत. मुलीच्या गुडघ्याला लावायचं मलम मलाही दिलं, गार्गीसाठी. म्हणाल्या, "राखीव म्हणजे कमी नव्हं ताई. आमची मागच्या वर्षी राखीवच हुती."
हे मला गार्गीनं कधी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं, समीक्षाचं.

परत येताना गार्गी : "यात्रेला मी जाणार. आबांना मीच सांगते. तू सांगू नकोस." मला सुटल्यासारखं झालं, ते दाखवलं नाही.

२० एप्रिल, रविवार
डाळजची यात्रा. उद्या गार्गीचा विज्ञानाचा पेपर. आबांच्या मते पेपर काय, दरवर्षी असतात. यात्रासुद्धा दरवर्षीच असते, असं मी म्हणणार होते, पण घरात पाहुणे.

स्टेजमागे आबा फेटा बांधायला बसले. तिचं डोकं दोन्ही हातांत धरून. मी, भाऊजी शेजारी. दोन वेढे झाले आणि ती म्हणाली,
"आबा, माझी निवड नाही झाली. मी राखीव आहे. निवड समीक्षाची झाली."
आबांचे हात थांबले. "समीक्षा कोण?"
"माझी मैत्रीण. सांगवीची. आपल्या मळ्यात आली होती, हरभरा खायला."
"ती व्हय. मग तिला का न्हाई आणली? तिला बांधू की फेटा."
भाऊजी मोबाईलमधून वर बघत म्हणाले, "आडनाव काय तिचं?"

गार्गीनं आडनाव सांगितलं.

"हां," म्हणाले भाऊजी. एवढंच. मग घड्याळ बघितलं. मग म्हणाले, आता ऐनवेळेला कुठं, पुढच्या वर्षी बघू.

आबांनी फेटा मात्र पुरा केला, हळूहळू, तुरा काढून. गार्गी उठली आणि फेट्यासकट सरळ घराकडे चालायला लागली. मी मागे. वाटेत सगळे तिच्याकडे बघून हसून हात करत होते.

माईकवर तिचं नाव तीनदा पुकारलं. चौथ्यांदा 'कन्येच्या वतीने चुलते सत्कार स्वीकारतील.' शाल, नारळ, टाळ्या. आम्ही घरापर्यंत पोचायच्या आत ग्रुपवर फोटो : शालीतले भाऊजी. खाली ओळ, 'राज्य संघात निवड, डाळजची शान.' नक्की कोणाची निवड, ते फोटोवरून कळत नव्हतं.

भाऊजी दुष्ट नाहीत. मला बाळंतपणात रात्री ससूनला भाऊजींनीच नेलं होतं. लिहून ठेवते, नाहीतर उद्या वाचताना मलाच ते दुष्ट वाटतील.

२२ एप्रिल
इंदापूरच्या फ्लेक्सवर कोणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स चढला. नवीन पुढारी नऊ. गार्गी खाली कुठेतरी आहे.

घरी सांगितलं. तिला काही फरक पडला नाही. मला वाटत होतं सगळं त्या फ्लेक्सचंच आहे.

२४ एप्रिल
गार्गी संघाबरोबर जाणार नाही म्हणते. स्पर्धा परभणीला, गाडी २७ला पहाटे. श्रीयुत म्हणाले, बरोबर आहे, एवढ्या उन्हात पाणी वाटायला कशाला जायचं. ती त्यांच्याकडे बघून आत गेली.

मी मागून गेले. लाज वाटते का, विचारलं. सगळ्यांना वाटतंय तू संघात आहेस, आणि तू बाहेर बसणार.
"ते नाही गं."
मग म्हणाली, काकांचा फोटो समीक्षानं बघितला. बाबांनी स्टेटसला ठेवला होता. तरी तिनं डबा उघडून नेहमीसारखा मध्ये ठेवला.
"काकांनी आडनाव विचारलं ना, तर मी लगेच सांगून टाकलं. कशाला विचारताय, असं मी नाही म्हणाले. तूपण नाही म्हणालीस."

खरंच, मीपण नाही म्हणाले. तोंडाशी तीन वाक्यं आली होती, एकाहून एक तिखट. पाहुणे होते, यात्रा होती.

"आता तिच्या शेजारी चार दिवस बसू कशी?"

श्रीयुतांना बाहेर येऊन सांगितलं, तो फोटो काढा. काढला. का, ते विचारलं नाही. म्हणजे कळलं असावं, किंवा जेवायची वेळ झाली होती.

२५ एप्रिल
पेपर संपले. ओजसनं 'माझा आवडता प्राणी' या निबंधात काका लिहिले. शाळेतून फोन आला. हसावं की नाही ते बाईंनाही ठरवता येईना.

भाऊजींना फोन केला. या वेळी बोलू दिलं नाही तरी मी बोलले. यात्रेच्या वेळी जे पोटात ठेवलं होतं ते सगळं. मग, "वहिनी, मी कुठं काय म्हणलो? नुसतं आडनाव इचारलं." मी म्हटलं, तेच. मग म्हणाले उसाला पाणी चालू आहे, नंतर बोलू.
मागून आबांचा आवाज येत होता : कोणाचा फोन, पोरीचा का. शेवटी आबांनी फोन घेतला. त्या सांगवीच्या पोरीचा सामना कधी हाय, मोबाईलवर दिसंल का, एवढंच विचारलं.

गार्गीला सांगितलं. ऐकलं तिनं.

२६ एप्रिल, शनिवार
सरांचा फोन : राखीव येणार नसेल तर आत्ताच सांगा, दुसरी मुलगी तयार आहे. मी फोन गार्गीकडे दिला. ती म्हणाली, सर, संध्याकाळपर्यंत सांगते.

दुपारी सायकल काढून गेली. कुठे, सांगितलं नाही. सांगवी सायकलनं लांब आहे, ऊन कडक. तीन तासांनी आली, तोंड लालबुंद. "भेटली?" "मामाकडे गेलीय ती. सकाळी थेट गाडीपाशीच येणार." पाणी प्यायली आणि झोपली.

संध्याकाळी सरांना फोन केला की नाही, माहीत नाही. जर्सी मात्र तिनं स्वतः धुऊन दोरीवर टाकलीय. राखीवच्या जर्सीला नंबर नसतो, हे मला आजच कळलं. बॅग कॉटखालून बाहेर आहे, रिकामी, चेन उघडी.

काही विचारलं नाही. डब्याला दशम्या करून ठेवल्यात, दोघींना पुरतील एवढ्या. गाडी सहाला शाळेसमोरून. तिनं गजर लावलाय का बघायला गेले तर फोन उशीखाली.

मी माझा लावलाय. पाचचा.