बोटांचे आकडे

ता. १२, सोमवार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. आम्ही दोघं ठीक आहोत. हिचे गुडघे कमी दुखतात, त्यामुळे माझ्यावर ओरडायला जोर आलाय. तुझ्या करंगळीचं प्लास्टर निघालं हे बरं झालं. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम कर, आळस करू नकोस. उपदेशाला मी पहिला नंबर, म्हणशील.

परवा पियानोचे सूर जुळवून घेतले. जुळवणारे काका म्हणाले, "म्हातारा झालाय, पण आवाज खणखणीत आहे." पियानोबद्दल म्हणाले की माझ्याबद्दल, विचारलं नाही.

आजोबांनी हाताने उतरवलेली स्वरलिपी मी जिवापाड जपली, असं तू येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगतेस. ते खरंही आहे. प्रत्येक पानामागे कोरा कागद, कापडी दोऱ्याची शिलाई, ओल लागू नये म्हणून कपाटाचा वरचा कप्पा. फक्त एक वही वाळवीने खाल्ली, असं मी तुझ्या लग्नानंतर सांगितलं होतं.

गेल्या आठवड्यात फोनवर तू म्हणालीस, "ती वही असती ना, तर हे आखडलेलं बोट घेऊनसुद्धा मी वाजवलं असतं रे. बाबांनी माझ्या हाताच्या मापाने आकडे घातले होते त्यात." मी गॅसवर दूध आहे म्हणून फोन ठेवला. घरात दूध नव्हतं.

ताई, ती वाळवी मीच.

वही माझ्या ट्रंकेत आहे. तुझा पंजा लहान, लांबचे सूर हाताला लागायचे नाहीत, म्हणून बाबांनी एकेका स्वरावर पेन्सिलीने आकडा लिहिला होता, कुठलं बोट कुठे ठेवायचं त्याचा. तू सासरी गेलीस आणि मी एका दुपारी खोडरबर घेऊन बसलो. चौदा पानं. कागद फाटू नये म्हणून अगदी हलक्या हाताने पुसली. रागाच्या भरात केलं असतं तर निदान तसं सांगता आलं असतं. माझ्या बोटांचे आकडे लिहिणार होतो, पण धीर झाला नाही.

बाबांनाही वाळवीच सांगितली. त्यांनी दुसऱ्या दिवशी सगळं कपाट रिकामं केलं, फळ्या पुसल्या, औषध मारलं. मी त्यांना बादली धरून मदत केली.

आठ दिवस झाले, मी सकाळी खिडकीशी पान तिरकं धरून बसतोय. बाबा पेन्सिल दाबून लिहायचे, त्यामुळे कागदावर वळ दिसतात. अकरा पानं पुन्हा भरली आहेत. तीन पानांवर काहीच सापडत नाही. ती तुझ्याच बोटांना आठवली तर आठवतील. काल हिलाही सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "आधी त्यांना कळवा."

आज तुझ्या आकड्यांनी वाजवून पाहिलं. माझ्या थोराड पंजाला अवघड गेलं, पण काय सुंदर वळते गं ती चाल! हे मला त्या दुपारीही माहीत होतं. म्हणूनच पुसलं.

रविवारी वही घेऊन येतो. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. नाही उघडलंस तर उंबऱ्यावर ठेवून परत जाईन. पण वाजव.

तुझ्याइतकं कधीच न जमलेलं,
तुझं शेंडेफळ