दुसरं कडवं

अण्णा, तुमच्याशी भांडायचं राहून गेलंय. तुम्ही गेलात तेव्हा जेवढे होतात, त्याहून मी आता वयानं मोठी आहे. तेव्हा चार शब्द चढ्या आवाजात बोलले तर ऐकून घ्या. परवा नातवानं मला बळेच उत्सवाच्या मैदानावर नेलं. कुणा दिवंगत गायकाची गाणी हुबेहूब त्याच्या आवाजात म्हणणारा ऑर्केस्ट्रा आला होता. पोरगा म्हणतो, "आजी, डोळे मीट, तोच माणूस गातोय असं वाटेल." मी कसले डोळे मिटतेय! गाणारा एका ठिकाणी जरासा थांबला, नुसता श्वास घ्यायला, आणि शेजारच्या बाईचा पदर मी मुठीत धरला. ती बिचारी म्हणाली, "आजी, पाणी देऊ का?" तिला काय सांगू, की गाणारा मैदानात असा थांबला की मला अजून आजूबाजूला तुम्ही दिसता, तोंड उघडताना.

तुम्हाला मिरजेहून घरी आणलं, त्या वर्षीची गोष्ट. दिवाळी नुकतीच झाली होती. घशातली गाठ काढली होती, आणि डॉक्टरांनी आईला नि मला समोर बसवून बजावलं होतं, की पाऊस लागेपर्यंत ह्यांनी अवाक्षर बोलायचं नाही. जखम आतून भरतेय. बोलले तर आवाज कायमचा जाईल, आणि रक्त सुटलं तर जिवावरच बेतेल. आणि आवाज म्हणजे तर आपली चूल होती. कोर्टाच्या दारात उभं राहून तुम्ही पुकारा करायचात, एकेकाचं नाव घेऊन, "हाजिर हो"! लोक म्हणायचे, अण्णांनी पुकारलं की बंदरावरचा माणूससुद्धा उगाच स्वतःला चाचपून बघतो, की आपली तर तारीख नाही ना. ज्या पट्टेवाल्याला पुकारा करता येत नाही, त्याला कोर्ट कशाला पोसेल? आई हे रोज एकदा तरी म्हणायची, बहुतेक वेळा तुमच्या पानात पेज वाढताना, आणि मी रोज एकदा तरी घाबरायची. सतरा वर्षांची होते. दादा मुंबईला गिरणीत, त्याचं त्यालाच पुरत नव्हतं. घरात धडधाकट अशा आम्ही दोघीच.

कोर्टाच्या आधी तुम्ही नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होतात, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण तुम्ही ते कुणाला विसरू देत नव्हतात. विंगेत उभं राहून नटाला पुढचा शब्द पुरवायचा, तोही असा की पहिल्या रांगेलासुद्धा कळता कामा नये. ज्यांच्यासाठी तुम्ही ते सगळ्यांत जास्त केलंत त्या नटाला तुम्ही नुसतं "बुवा" म्हणायचात. मी त्यांना पाहिलंही नव्हतं, पण त्यांच्या पदांच्या वेळी कुठे किती वन्स मोअर मिळाले ते मला पाढ्यांसारखं पाठ होतं. मग बुवा वारले, कंपनी बुडाली, आणि तुम्ही वळकटी घेऊन घरी आलात. आई म्हणायची, "ह्यांनी आधी आयुष्यभर कुजबुज केली नि मग आयुष्यभर बोंब मारली, साधं बोलणं म्हणून ह्यांना जमलंच नाही कधी."

आणि आता तेही बंद. डॉक्टरांनी पाटी घ्या म्हणून सांगितलं होतं. मी बाजारातून आणली, तर तुम्ही ती सरळ चुलीकडे भिरकावलीत. मी काय बिगारीत जातो, असं तोंडानं म्हणता येत नव्हतं, म्हणून पाटीनं म्हणालात. ताटावर वाटी वाजवली म्हणजे कढी, दोनदा वाजवली म्हणजे पुरे, आणि भुवई वर गेली म्हणजे आज भात कुणी केला हा, असं आपलं चाललं होतं. तुम्हाला ठसका लागला की मी हातातलं टाकून धावायची. तुम्ही रागानं हातवारे करायचात, जा, जा, म्हणून. पण मला वाटायचं, हा ठसका नाही, आतलं काहीतरी उसवतंय.

माघातल्या उत्सवाला बाजारात जाहिरातीचे कागद लागले. बुवांची गाजलेली पदं, त्यांच्याच पोशाखात, त्यांच्याच आवाजात, सर्व साथीदारांसह, देवळापुढच्या मैदानात, दिवसाउजेडी. मी ते वाचलं, आणि तुम्हाला कळू नये म्हणून मी चार दिवस तुम्हाला बाजाराच्या वाटेनं फिरायला नेलं नाही. पण कळायचं ते कळलंच. नेमकी गाण्याच्या दिवशी आई पावस गावी मामाकडे मुंजीला गेली. निघताना उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "ह्यांच्या तोंडून अक्षर निघालं तर मला तोंड दाखवू नकोस." मी मान डोलावली. आईची गाडी गेली असेल नसेल, तर तुम्ही धुतलेला सदरा घालून, उपरणं घेऊन, ओटीवर हजर!

"नाही," मी म्हटलं. "आईनं सांगितलंय." तुम्ही बोट मैदानाच्या दिशेनं केलंत. "अण्णा, तिथे गर्दी, धूळ, लोक बोलायला येतात, नको." तुम्ही पुन्हा बोट केलंत. मग मी दाराला कडी लावली. तेव्हा तुम्ही काय केलंत, आठवतंय? माझ्यासमोर शांतपणे उभे राहिलात आणि जबडा हळूहळू उघडलात. अगदी पुकारा करताना उघडायचात तसा. छाती भरून घेतलीत. "नको, नको!" मी किंचाळले. "जाऊ या! मिटा तोंड, जाऊ या!" तुम्ही तोंड मिटलंत, आणि वर हसलात. धमकी द्यायला मुक्या माणसाला काही लागत नाही बघा.

मैदानात बायका एकीकडे नि पुरुष एकीकडे, मध्ये काथ्याचा दोर बांधलेला. माझा जीव आणखीनच घाबरा झाला. मग मी दोराला लागून बायकांच्या कडेला बसले, तुम्ही पलीकडे पुरुषांच्या कडेला, आणि तुमच्या उपरण्याचं एक टोक मी दोराखालून हातात घेतलं. ठरलं असं, की तुमचे ओठ हलले की मी टोक ओढणार. शेजारचे चाचा, ते बोटीवरून निवृत्त होऊन घरी आलेले, तुमच्या पलीकडे बसले होते. त्यांना मी आधीच सांगून ठेवलं, "चाचा, ह्यांना काही विचारू नका हं." चाचा म्हणाले, "मी नाय बोलनार. पण ह्यो मानूस ऐकल तर ना, बाय!" येणारा जाणारा मात्र थांबत होता. शेंगा विकणारा म्हणाला, "काय वो अण्णा, बरं हाय ना? तुमच्या बुवांचा आवाज येनार म्हंतात!" प्रत्येकाला मीच उत्तर देत होते, "बरं आहे, बरं आहे," आणि माझाच घसा कोरडा पडत होता.

पडदा सरला. पेटी, तबला, सारंगी, आणि मधोमध जरीचा फेटा बांधलेला एक देशावरचा माणूस. त्यानं तोंड उघडलं आणि पुरुषांच्या बाजूनं एकदम "अरे!" असा आवाज उठला. मी बुवांना ऐकलं नव्हतं, पण तुमच्याकडे पाहिलं आणि मला कळलं की तो आवाज तोच आहे. तुम्ही पांढरे पडला होतात. मेलेल्या माणसाचा आवाज परत येतो हे मला तरी काही चांगलं लक्षण वाटेना. मी मनातल्या मनात देवीला म्हटलं, हे एक पार पडू दे, तुझी ओटी भरीन. तुमचे ओठ हलायला लागले. आवाज नाही, नुसते ओठ, त्या गाणाऱ्याच्या एक ओळ पुढे. मी टोक ओढलं. ओठ थांबले. जरा वेळानं पुन्हा सुरू. पुन्हा ओढलं. सगळं गाव त्या गाण्यात बुडालेलं, आणि मी तुमच्या कंठमण्यावर डोळे लावून बसलेली, मांजर उंदराच्या बिळापाशी बसते तशी.

त्यात ते वन्स मोअर! दरवेळी वाटायचं, संपलं, आता उठू, घरी जाऊ. की मागून आरोळी, "वन्स मोअर!" गाणारा हात जोडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. मेल्यांनो, पुरे करा ना, असं मला ओरडावंसं वाटत होतं. बुवांचं ते सगळ्यांत गाजलेलं पद त्यानं घेतलं. लोकांनी पुन्हा मागितलं. त्यानं पुन्हा दिलं. त्यावरही पुन्हा मागितलं. आणि तिसऱ्या खेपेला, टाळ्यांनी जरा चढलाच होता तो, पहिलं कडवं संपवून ध्रुपदावर आला आणि थांबला. पेटीवाल्यानं ध्रुपद फिरवलं, पुन्हा फिरवलं. गाणाऱ्याचा चेहरा कोरा. शब्दच गेले होते. मैदान असं गप्प झालं की वाऱ्यावर सुरूच्या झाडांचा आवाज यायला लागला.

माझ्या हातातलं उपरण्याचं टोक ताठ झालं. पाहते तो तुम्ही गुडघ्यावर आला होतात. कुणी शब्द विसरला की पुरवायचा, हे तुमच्या रक्तातच होतं, तिथे डॉक्टर काय करणार नि आई काय करणार. जबडा उघडत होता. छाती भरत होती. मी उपरणं दोन्ही हातांनी ओढलं. काही उपयोग झाला नाही. मग मला एकच सुचलं, की तुमच्या आधी मी सांगून टाकावं. ते पद मला पाठ होतंच. सतरा वर्षांची मुलगी, गावासमोर कधी मोठ्यानं हसले नव्हते, ती मी उठून उभी राहिले आणि पुढच्या कडव्याची पहिली ओळ ओरडले. गाणाऱ्यानं जीव वाचल्यासारखी ती झेलली आणि लागला म्हणायला. मी खाली बसणार, तेवढ्यात तुम्ही उठलात.

"दुसरं! दुसरं कडवं गो, गाढवे! हे तिसरं!"

कोर्टातला आवाज, अख्खाच्या अख्खा. सगळं मैदान वळलं. गाणारा मध्येच तुटला, त्यानं तुमच्याकडे बघितलं, कान पकडला, आणि दुसरं कडवं सुरू केलं. त्याला आठवलं होतं. तुम्ही समाधानानं मान हलवलीत, खाली बसलात, आणि उपरण्यात खोकलात. उपरण्यावर लाल पसरलं. पुढचं सगळं चाचांनी केलं. "बाय, रडू नको, चल," म्हणत त्यांनी दोर वर उचलला, तुम्हाला खांद्यावर टाकलं आणि गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. मागे गाणं चालूच होतं. मी रस्ताभर देवीशी भांडत होते, तुमचा हात धरून, आणि तो गार आहे की माझाच गार आहे हे मला कळत नव्हतं.

जीव वाचला, आवाज गेला. पुन्हा मिरजेला नेलं तेव्हा डॉक्टरांनी आत पाहिलं आणि हात धुतले. आई मला काही बोलली नाही. तुमच्याशी मात्र आठ दिवस बोलली नाही. घरात दोघं मुकी, आणि मध्ये मी. कोर्टातल्या साहेबांनी दया केली आणि तुम्हाला पाणी भरायला, दप्तरं उचलायला ठेवून घेतलं. पगार कमी झाला, पण चूल विझली नाही. पुकाऱ्याला नवा माणूस आला. मी एकदा तुमचा डबा घेऊन आले होते, तर तो दारात पुकारत होता, आणि तुम्ही त्याच्या मागे भिंतीला टेकून उभे होतात. तुमचे ओठ हलत होते, त्याच्या एक नाव पुढे. त्यानंतर डबा मी शेजारच्या पोराबरोबर पाठवायला लागले.

आता भांडण ऐका. लोक म्हणाले, पोरीनं चुकीचं सांगितलं म्हणून बापाला बोलावं लागलं. माझी चूक नव्हती, अण्णा. ते पद मी तुमच्याकडूनच शिकले, रोज सकाळी तुम्ही आरशासमोर दाढी करायचात तेव्हा. आणि दाढी करताना तुम्ही दुसरं कडवं गाळायचात! त्यात लांब तान आहे, ती घेताना गळा हलतो, आणि गळ्यावर वस्तरा. म्हणून पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर. लहानपणापासून मी तेच ऐकलं, मला वाटायचं पद असंच आहे. दुसरं कडवं असतं हे मला त्या दिवशी मैदानात कळलं; त्याआधी तो दोनदा म्हणाला होता, पण माझं सगळं लक्ष तुमच्या कंठमण्यावर, कानांत शब्द शिरत होते कुठे. तेव्हा मला गाढव म्हणायचा तुम्हाला काय अधिकार? तुम्ही जिवंत असताना हे सांगायची फार वेळा इच्छा झाली, पण ज्याला उलट बोलता येणार नाही, अशा माणसाशी कसलं भांडायचं, म्हणून गिळलं. आताही हे लिहून कुठे टाकणार? आईच्या फोटोमागे ठेवलं तर सून झाडताना वाचेल.

पण भांडायला बसले तर खरं तेही सांगते, जे आईलाही सांगितलं नाही. पुढे कितीतरी बायका म्हणायच्या, "बाई गं, काय घाबरली असशील तेव्हा!" घाबरले होतेच, आजही घाबरते. पण तुम्ही ओरडलात, त्या क्षणी नाही. दिवाळीपासून घरात नसलेला तो आवाज एकदम मैदानभर झाला, आणि सगळ्या गावासमोर मलाच शिव्या द्यायला लागला. मला इतका आनंद झाला, अण्णा. मी हसायला लागले. रक्त दिसेपर्यंत मी हसतच होते.