पान एकशे सतरा

७ नोव्हेंबर, शुक्रवार

जुम्मा पढून खोलीवर आलो तोच अदिबाचा फोन. वाटलं, पैसे हवे असतील. पैसे नकोत म्हणे — माणसं हवीत!

इथल्याच, सौदीतल्या थुवालच्या विद्यापीठात पोरीचा अभ्यास नेमका कशावर चाललाय, हे मला आज पहिल्यांदा नीट कळलं. मोबाइलमधलं नाणं. क्रिप्टो. लहान देशांची सरकारं त्याचं काय करतात, आणि तिथली माणसं मग काय करतात. सांगत होती — नेपाळात साफ बंदी. भूतानात सरकारच धरणाच्या विजेवर ती नाणी तयार करतं. आणि अमेरिकेच्या खालच्या बाजूला एक चिमुकला देश आहे, त्यानं तर कायदाच केला — दुकानदारानं हे नाणं घेतलंच पाहिजे. तरी लोक फारसे वळले नाहीत. शेवटी सक्ती मागे घेतली.

"म्हणजे अब्बा, बंदी घातली की माणूस थांबतो, की नुसता लपतो? मला एवढंच शोधायचंय."

एवढंच! म्हटलं, बाळा, रास तनुराच्या आमच्या कॅम्पात लहान देशांची मोठी फौज आहे. पाठव तुझे फॉर्म.

एक अट तिनं तीनदा सांगितली — कुणाचंही नाव लिहायचं नाही.

१२ नोव्हेंबर

फॉर्म आले. चाळीस. हिंदी, नेपाळी, बांगला, सिंहली. कागद इतका छान की हातमोज्यांच्या खोक्यावर ठेवायला मन होईना.

स्टोअरच्या खिडकीशी सगळेच येतात — कुणाला हातमोजे, कुणाला हेल्मेट, कुणाला हार्नेस, उंचावर बांधायचा पट्टा. प्रत्येकाला म्हटलं, "मुलीच्या अभ्यासाचं आहे, भरशील?" कुणी नाही म्हणालं नाही. बावीस वर्षं या खिडकीत बसलोय, तेवढं उधार आहे माझं.

हेमचंद्र आला. स्कॅफोल्डर, परांची बांधणारा, नेपाळचा, उंचावर माकडासारखा चढतो. पेन चावत म्हणाला, "इसहाकभाई, सच लिखूँ या अच्छा लिखूँ?"

"सच."

मग बोलत बसला. गाव डोंगरात. बँक जीपनं चार तास खाली. पूर्वी हुंडीवाल्याकडे द्यायचा — तो एकदा आठ महिन्यांची कमाई घेऊन पळाला. आता याच्या फोनमधून धाकट्या भावाच्या फोनमध्ये, एक पोळी फुगेपर्यंत! भाऊ बाजारातल्या एका पोराला ते नाणं देतो, रोख रुपये घेतो, आईच्या हातात ठेवतो.

"पण बंदी आहे ना?"

"बंदी तो ऊपरवालों की है, भाई. नीचे तक आते-आते थक जाती है।"

हसलो. पण खाली मान घालून लिहीत होता तेव्हा कान लाल झाले होते त्याचे.

फहादनंही एक ओढून घेतला. हा आमचा सुपरवायझर, इथलाच, अठ्ठावीस वर्षांचा. कॅम्पातली हिंदी बोलतो. म्हटलं, हे लहान देशांसाठी आहे. तर म्हणतो, "मेरा देश छोटा नहीं, बाबा. मेरा जेब छोटा है।" आणि स्टुलावर बसून, हात आडवा धरून, परीक्षेत बसल्यासारखा लिहिला!

एकतीस भरून झाले. सगळे रजिस्टरात चढवले — पान एकशे सतरा. वरती मथळा: डिजिटल पैशाचा फॉर्म. खाली अनुक्रमांक, तारीख, घेणाऱ्याचा नंबर. तोच नंबर फॉर्मच्या कोपऱ्यात, म्हणजे घोळ नको. माझ्या स्टोअरमधून सुतळीही नंबराशिवाय बाहेर जात नाही. परदेशी माणसाचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, दोनानं सुरू होतो, इथल्या माणसाचं ओळखपत्र एकानं. डोळे मिटून लिहितो मी.

नाव मात्र एकाचंही लिहिलं नाही. शब्द दिलाय पोरीला.

१३ नोव्हेंबर

पाकीट कुरियरनं थुवालला गेलं. पावती जपून ठेवली.

१८ नोव्हेंबर

"अब्बा, कोपऱ्यात हे आकडे कसले?"

"नंबर."

"कुणाचा?"

"ज्याचा त्याचा."

तिकडे कागद उलटल्याचा आवाज. मग म्हणाली, "अब्बा! नाव लिहू नका म्हटलं होतं ना!"

"अगं, नाव कुठं लिहिलंय?"

ती हसली की रडली, कळलं नाही. मग हळू आवाजात समजावून सांगितलं, मी लहान असल्यासारखं. नावापेक्षा नंबर वाईट. नावाचे दहा जण असतात, नंबराचा एकच. तिच्या सरांना सांगावं लागलं. एकतीसच्या एकतीस कागदांच्या तिनं स्वतः यंत्रात घालून चिंध्या केल्या. या कामाची परवानगी काढायला चार महिने गेले होते तिचे.

"तुमची चूक नाही अब्बा. मीच नीट सांगायला हवं होतं."

चूक माझी आहे म्हणाली असती तर बरं झालं असतं.

रजिस्टराचं मी बोललो नाही. तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. खोटं बोललो नाही. — पण खरं तरी कुठं बोललो?

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

नमाजात लक्ष नव्हतं. इमामाचा खुत्बा अमानतीवरच होता — विश्वासानं सोपवलेल्या ठेवीवर — किंवा मला तसा ऐकू आला.

आमचे गुरुजी फळ्याकडे पाठ करून म्हणायचे, "जे लिहिलं नाही ते घडलं नाही." म्हसळ्याकडच्या दोन खोल्यांच्या शाळेत शिकलेलं तेवढंच वाक्य मी या वाळवंटापर्यंत आणलं. आणि ते खोटं नाही! सहा वर्षांपूर्वी एक जण टाकीवरून पडून गेला. सगळे म्हणाले, त्यानं पट्टा लावलाच नव्हता. माझ्या रजिस्टरात होतं — हार्नेस दिला, कुठला दिला, किती जुना, कुणाच्या सहीनं. त्या एका ओळीवर त्याच्या बायकोला भरपाई मिळाली. तिनं बिहारातून मला कुर्त्याचं कापड पाठवलं होतं.

तीच सवय. तोच हात. तेच रजिस्टर.

पान फाडून टाकावं, असं आज दोनदा मनात आलं. दोनदा तौबा केली. रजिस्टर माझं नाही, कंपनीनं विश्वासानं हाती दिलेलं आहे.

२४ नोव्हेंबर

हेमचंद्रच्या भावाला पोलिसांनी नेलं. बाजारातल्या त्या पोराला पकडलं, त्याच्या फोनमध्ये सगळ्यांची यादी निघाली. आई घरात एकटी. जामिनाला पैसे लागणार, वकील लागणार, आणि मोठा मुलगा तिथं लागणार. हेमचंद्रनं रजा टाकलीय — दोन तारखेचं विमान.

दुपारी खिडकीशी आला. हातमोजे मागितले नाहीत.

"इसहाकभाई, वो कागज़ कहाँ है?"

"फाडला. मुलीनं स्वतः."

"पक्का?"

"पक्का."

गेला. मी नंतर शंभर हेल्मेटं मोजली. सत्त्याण्णव भरली. परत मोजली. शंभर होती.

२५ नोव्हेंबर

सांगून टाकलं. असरच्या नमाजानंतर, पाण्याच्या टाकीमागे. कागद फाटला, पण नंबर रजिस्टरात आहे. तुझा आहे, सगळ्यांचे आहेत.

वाटलं, शिव्या देईल. त्यानं हेल्मेट काढून काखेत धरलं. मग हसला — ते हसणं नको होतं बघायला.

"वाह इसहाकभाई! चोर भी आपके यहाँ नंबर देकर चोरी करे।"

"तू चोर नाहीस."

"यहाँ नहीं हूँ। वहाँ हूँ। एक ही आदमी, एक ही पैसा। बीच में बस एक हवाई जहाज़।"

संध्याकाळी मेसमध्ये दुसऱ्या टेबलावर बसला.

२७ नोव्हेंबर

नोटीस लागली. पगाराच्या कार्डातून अशा नाण्यांचा व्यवहार करणाऱ्यांची माहिती कंपनीला हवी आहे. बँकेनं विचारणा केलीय म्हणे. दोषी आढळल्यास करार रद्द, परत पाठवणी. आणि खाली आणखी एक ओळ — तीन डिसेंबरला हेड ऑफिसचा माणूस सर्व विभागांची रजिस्टरं तपासेल.

राजाभाऊ नोटिशीसमोर चहा पीत उभे. नाशिकचे, इंजिनिअर. "आमच्या भारतात कसं, इसहाकभाई — नफ्यातले तीस टक्के कापतात, पण आत टाकत नाहीत. मोठं दुकान आहे, गिऱ्हाईक सोडत नाही. लहान दुकानदार घाबरतो, शटरच ओढतो."

"आणि आतला माणूस?"

"आतला काय, मागच्या दारानं!" ते हसले.

हेमचंद्रचा करार रद्द झाला तर जामीन कशाचा, वकील कशाचा? तो भावासाठी जाणार, आणि माझ्यामुळे परत येऊ शकणार नाही. माझ्याच अक्षरात आहे सगळं. स्वच्छ, वाचता येईल असं. गुरुजींनी दहापैकी दहा दिले असते.

२९ नोव्हेंबर

रुकय्याला फोन केला. तिला सगळं सांगितलं. तिकडे ती तांदूळ निवडत होती, सुपाचा आवाज येत होता.

"अदिबाच्या अब्बा, एक विचारू? ते नंबर तुम्ही कोणासाठी लिवलात?"

"नियम आहे."

"नियम हातमोज्यांचा. त्या पोरानं तुम्हांला हातमोजे दिले व्हते का? त्यानं मनातलं दिलं. त्याची पावती कुठं ठेवतात व्हय?"

सुपाचा आवाज थांबला.

"कंपनीची अमानत मोठी की माणसाची, त्ये मला ईचारू नका. मी चौथी पास. पन तुम्हांला झोप कशानं येत न्हाय, त्ये बघा."

१ डिसेंबर

पान उघडलं. बंद केलं. उघडलं. बंद केलं. रजिस्टराची पानं छापील आकड्यांची, पाठपोट मिळून एकच आकडा — एक गेलं की दिसतंच. मग तपासनीस विचारणार. मग मी काय सांगणार? एकोणपन्नास वर्षांत खोटं बोललो नाही असं नाही, पण लिहून ठेवलेल्याशी कधी खोटा वागलो नाही.

आणि हे सगळं पुन्हा वहीत लिहितोच आहे! ही वही आधी जाळायला हवी.

२ डिसेंबर

हेमचंद्र हार्नेस परत करायला आला. रजेवर जाताना करावाच लागतो. खाली टॅक्सी उभी होती, दमामच्या विमानतळाची.

मी रजिस्टर उघडलं, पेन उचललं, आणि हात चालेना. त्याचा नंबर मला पाठ आहे. तरी चालेना.

"लिखो, भाई." त्यानं हार्नेस खिडकीवर ठेवला. "यह वाला पूरा लिखो। कल को कोई न बोले, हेमचंद्र पट्टा लेकर भागा।"

लिहिलं. त्यानं सही केली. मग माझ्या मनगटावर हात ठेवला, क्षणभर.

"मैं लौटूँगा तो यही पट्टा देना। यही जमता है मुझे।"

यल्ला, यल्ला — ड्रायव्हर खालून ओरडत होता.

माझं ठरलं. उद्या फजर पढून, सगळ्यांच्या आधी. जाब अल्लाहला देईन.

३ डिसेंबर

फजरनंतर सरळ स्टोअर. पट्टी सोबत नेली होती, कडा सरळ यावी म्हणून.

कपाट उघडलं. एकशे सोळा. एकशे अठरा. मधलं पान नव्हतं. हातानं ओढून फाडलेलं, कडेला कागदाचे दात राहिलेले. कपाटाच्या किल्ल्या दोनच — एक माझ्या खिशात, दुसरी सुपरवायझरकडे.

आठला हेड ऑफिसचा माणूस आला. पानं उलटत एकशे अठरावर थांबला, माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडायच्या आत मागून फहाद म्हणाला, "चाय गिरा था। मैंने फाड़ा। खलास।" आणि मला म्हणाला, "बाबा, सर के लिए कॉफी।"

कॉफी ओतताना आठवलं. त्या पानावर एकतीस आकडे होते. तीस दोनानं सुरू होणारे, परदेशी माणसांचे. तेविसावा — एकानं.