पडद्यामागचा पेला

३ नोव्हेंबर

ठसका नाही! हिने अर्धा पेला पाणी घेतलं, एकदाही ठसका न लागता. अर्धांगवायू झाल्यापासून पहिल्यांदाच. मी बनवलेल्या या पेल्याच्या तोटीतली झडप माझ्याच जुन्या पंपावरून उचलली आहे. यंत्रमागाचा ब्रेक, पंपाची झडप, दातांच्या डॉक्टरची खुर्ची — इतकी पेटंटं, पण एका धंद्यात म्हणून टिकलो नाही. ही म्हणायचीच, एक ना धड भाराभर चिंध्या. आता जेमतेम एखादा शब्द बोलते. आज पेल्याकडे बघून म्हणाली, "चिंधी." मी हसलो आणि मग रडलो.

४ नोव्हेंबर

पेटंटच्या वकीलबाईंनी बजावलं, अर्ज दाखल होईपर्यंत पेला कुणालाही दाखवायचा नाही. एकदा चारचौघांत आला की हक्क गेला. मला सांगायला नको. छत्रीची कळ मी आधी प्रदर्शनात मिरवली, अर्ज नंतर केला आणि सगळं घालवून बसलो. दुधाने तोंड पोळलंय. वॉर्डात पडदा ओढूनच पाजतो.

५ नोव्हेंबर

शेजारच्या खाटेवरच्या आजींना सून चमच्याने पाणी पाजते. भयंकर ठसका लागतो, चेहरा निळा पडतो. आज तिने मला गाठलं.

"काका, काकूंना ठसका कसा लागत नाही हो?"

नवीन औषध चालू आहे, म्हणालो. पडद्यामागून ही ऐकत होती.

६ नोव्हेंबर

हिने तोंड मिटून घेतलंय. पेला लावला की मान फिरवते. रागावलो, विनवलं, समजावलं — परवा अर्ज जातोय, मग पहिला पेला आजींनाच. छे! सलाईनवर आहे. हट्टी पहिल्यापासूनचीच. भीती वाटते मला. तरी पेला पिशवीत घालून घरी आणलाच. काय माणूस आहे मी!

७ नोव्हेंबर

तोंड बंदच. उद्या अर्ज. एवढा एक दिवस निघू दे.

८ नोव्हेंबर

अर्ज दाखल झाला. तिथून तडक वॉर्डात गेलो, पडदा पार भिंतीपर्यंत सारला. आजींची खाट रिकामी. गादी गुंडाळलेली. पाणी छातीत गेलं होतं, नर्स म्हणाली, पहाटे गेल्या.

हिने तोंड उघडलं. मी घाईघाईने पेला ओठांना लावला. तिने चांगल्या हाताने तो बाजूला केला आणि त्या खाटेकडे बघत म्हणाली, "दे आता."