निसरपुरचा दरवाजा

देवास, रविवार, डिसेंबर २००७

वेबसाइटवर टाकलेला निसरपुरच्या दरवाज्याचा फोटो सर्चमध्ये कुणालाच सापडत नव्हता. मी फोटोला नाव दिलं होतं 'प्रतीक्षा'. सुनंदा हसली. "अहो, 'प्रतीक्षा' लिहून दरवाजा कोण शोधणार? दिसतंय ते लिहा. हिंदीत."

लिहिलं: 'निसरपुर, नीला दरवाज़ा'. इतकं सपाट? मन खट्टू झालं.

आज संध्याकाळी वेबसाइटवरच्या नंबरवर अनोळखी फोन. "भिया, सर्च में मिल गया! ये तो हमारा दरवाज़ा है. बाँध के चक्कर में गाँव छूटा, फोटो एक नहीं था." मागून त्याची आई ओरडली, "नीला नहीं, हरा था! रंग धूप में उड़ गया."

सुनंदा म्हणाली, "बदला मग."

दरवाजा फोटोत निळाच आहे. पण आता नावात 'हरा'ही आहे. त्याच्या आईंनी शोधला, तर त्यांच्या रंगाने सापडावा.